रोजच्या दोन घटका

‘या आठवड्यात आकाशात काय पाहाल?’ या प्रश्नाचे उत्तर दर आठवड्याला लिहिणे, आणि शाळांच्या नि सोसायट्यांच्या गच्च्यांवर ते लोकांना प्रत्यक्ष दाखवणे, हे गेली कित्येक वर्षे माझे काम आहे. या कामाचा एक साचा ठरून गेला आहे. येत्या सात दिवसांतली सर्वांत ठळक घटना शोधायची, मग ती ग्रहांची युती असो, उल्कावर्षाव असो की ग्रहण. तिची तारीख, वेळ आणि दिशा द्यायची आणि संधी चुकवू नका म्हणून सांगायचे. कार्यक्रमाला येणाऱ्यांचा पहिला प्रश्नही त्याच साच्यातला असतो: आज विशेष काय? हे काम करता करता माझे मत मात्र या साच्याच्या विरुद्ध बनत गेले. आठवड्याचे आकाश म्हणजे त्या आठवड्यातली एखादी घटना नव्हे. सात दिवसांत आकाश जे पुढे सरकते, तेच आठवड्याचे आकाश. ते पाहायला दुर्बीण लागत नाही, दूरचा माळ लागत नाही, मुहूर्तही लागत नाही. एकच जागा, एकच वेळ आणि सलग सात रात्री एवढेच लागते. पाहण्याची ही रीत नवशिक्यांसाठी केलेली सोय आहे असे कोणाला वाटेल. माझे म्हणणे असे की आकाश खऱ्या अर्थाने कळण्याची सुरुवात इथूनच होते, आणि दुर्मीळ घटनांचे मोलसुद्धा ज्याने हे केले आहे त्यालाच कळते.

उदाहरणाला मार्गशीर्ष पौर्णिमेपासूनचा आठवडा घेऊ, म्हणजे दत्तजयंतीच्या संध्याकाळपासून वद्य सप्तमीपर्यंतचा. रोज रात्री नऊची वेळ ठरवू. महाराष्ट्रात कुठेही डिसेंबरात नऊ वाजता पूर्वेला तोंड करून उभे राहिले की वर, आकाशाच्या मध्याच्या अलीकडे, कृत्तिकांचा लहानसा पुंजका असतो. त्याच्या खाली तांबूस रोहिणी, आणि तिच्याही खाली, नुकतेच वर आलेले मृग नक्षत्र. उगवताना मृग आडवे असते: चार पायांचे चार तारे आणि मध्ये व्याधाने मारलेल्या बाणाचे तीन तारे एका ओळीत. ही ओळ पूर्व क्षितिजावर जवळजवळ उभी दिसते. तीच ओळ वर वाढवली की नजर रोहिणीकडे जाते आणि खाली वाढवली की आग्नेयेला व्याधाकडे. पौर्णिमेला याच भागात चंद्र असतो. रात्रभर तो आकाशात राहतो आणि कृत्तिकांसारखे फिके तारे त्याच्या प्रकाशात बुडून जातात. वद्य प्रतिपदेला नऊ वाजता चंद्र आदल्या दिवशीच्या जागेपेक्षा खाली, पूर्वेकडे सरकलेला असतो. हात लांब करून मूठ धरली तर ती साधारण दहा अंश आकाश झाकते. चंद्र एका दिवसात त्या एका मुठीहून थोडा जास्त, सुमारे तेरा अंश सरकतो. द्वितीयेला तो आणखी खाली. तृतीया-चतुर्थीला नऊच्या सुमारास तो क्षितिजाला टेकलेला तरी असतो, नाहीतर उगवायचाच असतो. पंचमीपासून पुढे नऊ वाजता चंद्र दिसतच नाही, आणि आठवड्याच्या सुरुवातीला ज्या कृत्तिका हरवल्या होत्या त्या अंधाऱ्या पूर्वेत पुन्हा उमटतात. एका आठवड्यात एवढे घडते, आणि दर महिन्याला पौर्णिमेनंतर याच क्रमाने घडते.

या क्रमाला आपल्या भाषेत मोजमापही तयार आहे. दिवसरात्र मिळून साठ घटका, आणि अमावास्येपासून अमावास्येपर्यंत तिथी तीस. साठाला तिसाने भागले की दोन येतात, म्हणून चंद्र रोज दोन घटका उशिरा उगवतो. घटका चोवीस मिनिटांची. दोन घटका म्हणजे अठ्ठेचाळीस मिनिटे. आजच्या गणितानुसार चंद्रोदय रोज सरासरी पन्नास मिनिटांनी पुढे जातो. चंद्राची कक्षा लंबवर्तुळाकार आणि कललेली असल्यामुळे हा उशीर कधी चाळीस-पंचेचाळीस मिनिटांचा असतो, कधी तासाच्या आसपास जातो, पण अंदाज बांधायला दोन घटकांचे माप पुरते. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस शंकर बाळकृष्ण दीक्षितांनी सामान्य वाचकासाठी खगोलावर मराठीत जे पुस्तक लिहिले, त्याचे नाव ‘ज्योतिर्विलास अथवा रात्रीची दोन घटका मौज’ असे आहे. नाव ठेवताना चंद्राचा हा हिशेब त्यांच्या मनात होता असा माझा दावा नाही. पण त्या नावात एक शहाणपण नक्की आहे. आकाशासाठी रात्रभर जागायला नको, रोजच्या दोन घटका पुरेत. चंद्रही रोज तेवढाच वेळ घेऊन पुढे सरकतो.

सलग पाहणे एवढे महत्त्वाचे का, याचा पुरावा खुद्द खगोलशास्त्राच्या इतिहासात आहे. २४ फेब्रुवारी १९८७ च्या रात्री चिलीतल्या लास कंपानास वेधशाळेत ऑस्कर दुहाल्दे नावाचा दुर्बीणचालक इमारतीबाहेर आला, त्याने मोठ्या मॅजेलन मेघाकडे पाहिले आणि तिथे एक जास्तीचा तारा त्याच्या ध्यानात आला. तो तारा म्हणजे सुमारे १ लाख ६० हजार प्रकाशवर्षांवर झालेला अतिनवताऱ्याचा स्फोट. नुसत्या डोळ्यांनी सहज दिसणारा असा स्फोट त्याआधी जवळजवळ पावणेचारशे वर्षांत झालेला नव्हता. त्याच रात्री तिथेच इयन शेल्टन यांना तो छायाचित्राच्या काचेवर सापडला. दुहाल्देला तो नुसत्या डोळ्यांनी ओळखता आला, कारण मेघाचा तो भाग एरवी कसा दिसतो हे त्याला पाठ होते. दुसरे उदाहरण आपल्या मृगातलेच आहे. २०१९ च्या अखेरीस मृगाचा तांबूस तारा काक्षी मंद होऊ लागला आणि फेब्रुवारी २०२० पर्यंत त्याचे तेज नेहमीच्या निम्म्याहूनही कमी झाले. ताऱ्याने बाहेर फेकलेल्या द्रव्याची धूळ आड आल्याने हे झाले, असे पुढच्या निरीक्षणांतून पुढे आले. एरवी रोहिणीहून उजळ असणारा हा तारा त्या हिवाळ्यात रोहिणीपुढे स्पष्ट फिका दिसत होता. हे पाहायला कुठलेही उपकरण नको होते, गच्चीवरून दिसत होते. पण मृग ज्याच्या ओळखीचे होते त्यालाच ते दिसले. बाकीच्यांना तेव्हाही मृगात एक तांबूस ताराच दिसला. अपूर्व घटना ओळखायची तर आधी नेहमीचे आकाश ओळखीचे असावे लागते. ग्रहांचेही तसेच आहे. नक्षत्राचे तारे ठाऊक असले की त्यात एखादा जास्तीचा, स्थिर तेजाचा ठिपका दिसताच तो ग्रह आहे हे आपोआप कळते. गुरू दरसाल साधारण एक रास ओलांडतो. तो सिंहेत आला की नाशिक-त्र्यंबकेश्वरला सिंहस्थ भरतो, कन्येत आला की नृसिंहवाडीला कन्यागत. लाखो लोक ज्या योगाला स्नानाला जातात तो योग मघांच्या परिसरात जाऊन बसलेला एक तेजस्वी ग्रह आहे, आणि तो डोळ्यांनी पाहता येतो, हे मात्र त्यांतल्या फार थोड्यांना कोणी सांगितलेले असते.

यावर पहिला आक्षेप असा घेतला जातो की नेहमीच्या गोष्टींसाठी लोक घराबाहेर येत नाहीत. ग्रहण, धूमकेतू, उल्कावर्षाव यांच्या निमित्ताने का होईना ते वर पाहतात, मग निमित्त का नाकारावे? या आक्षेपात तथ्य आहे, आणि खग्रास ग्रहण पाहू नका असे मी कधीच म्हणणार नाही. पण केवळ निमित्तावर उभ्या केलेल्या आकाशदर्शनाचे काय होते, हेही पाहायला हवे. २७ ऑगस्ट २००३ रोजी मंगळ पृथ्वीपासून सुमारे ५ कोटी ५७ लाख किलोमीटरवर, म्हणजे हजारो वर्षांत नव्हता इतका जवळ आला. त्या खऱ्या घटनेतून ‘मंगळ चंद्राएवढा दिसणार’ हा निरोप जन्माला आला आणि नंतर कित्येक वर्षे दर ऑगस्टमध्ये फिरत राहिला. त्या दिवशीसुद्धा मंगळाच्या बिंबाची रुंदी चंद्राच्या सत्तराव्या हिश्श्याएवढीच होती. आयसॉन धूमकेतूचे महिनोनमहिने कौतुक झाले आणि २८ नोव्हेंबर २०१३ ला सूर्याजवळून जाताना तो विरून गेला. ‘सुपरमून’ म्हणून गाजणारी पौर्णिमा सर्वांत लहान दिसणाऱ्या पौर्णिमेपेक्षा जास्तीत जास्त चौदा टक्के रुंद असते, आणि दोन्ही पौर्णिमांचा चंद्र लांब केलेल्या हाताच्या करंगळीआड सारखाच झाकला जातो. अशा वेळी आलेला माणूस फसवले गेल्याच्या भावनेने परत जातो आणि पुन्हा येत नाही. हे या कामात वारंवार दिसते. शिवाय आपल्याकडे जूनपासून सप्टेंबरपर्यंत आकाश ढगांचे असते. उरलेल्या महिन्यांतही ठरलेल्या एका रात्री ढग आले की त्या रात्रीवर बांधलेले सगळे वाया जाते. सात रात्रींतल्या दोन ढगांनी नेल्या तरी उरलेल्या पाच रात्री बदल दाखवायला पुरतात. आणखी एक गोष्ट. घटनांच्या बातम्या बहुधा युरोप-अमेरिकेतल्या माहितीवरून उचललेल्या असतात, त्यामुळे वेळ तिकडची आणि आकाशही तिकडचे असते. अगस्ती हा व्याधाखालोखाल तेजस्वी तारा पुण्यातून दक्षिण क्षितिजाच्या वर एकोणीस अंशांपर्यंत चढतो, दिल्लीत नऊ अंशांच्या आत राहतो आणि लंडनमध्ये कधी उगवतच नाही. तिकडच्या मजकुरात तो सापडणार कुठून? स्वतःच्या गच्चीवरून रोज पाहणाऱ्याला मात्र आपले आकाश कोणाकडून मागून आणावे लागत नाही.

दुसरा आक्षेप शहरातल्या उजेडाचा, आणि तो सर्वांत जास्त गंभीर आहे. पुण्या-मुंबईत आता दिसतेच काय? जगभरच्या सामान्य निरीक्षकांनी ‘ग्लोब ॲट नाइट’ या उपक्रमात २०११ ते २०२२ या काळात नोंदवलेल्या ५१ हजारांहून अधिक निरीक्षणांवरून असा निष्कर्ष निघाला की रात्रीच्या आकाशाचा उजेड दरसाल सरासरी ९.६ टक्क्यांनी वाढतो आहे. यातली बहुतेक निरीक्षणे युरोप आणि अमेरिकेतली होती, तरी ही गती आठ वर्षांच्या आत उजेड दुप्पट करणारी आहे. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेला हा निष्कर्ष उपग्रहांनी काढलेला नाही. ठरावीक नक्षत्राकडे नुसत्या डोळ्यांनी पाहून ‘मला एवढे तारे दिसले’ असे सांगणाऱ्या माणसांनी तो शक्य केला. म्हणून या आक्षेपाला माझे उत्तर असे आहे: चंद्र, ग्रह, व्याध, रोहिणी, काक्षी आणि बाणाचे तीन तारे शहरातूनही दिसतात, आणि वर सांगितलेल्या आठवड्याचा बराचसा भाग त्यांच्यावरच उभा आहे. जे दिसत नाही तेही मोजता येते. कृत्तिका त्यासाठी उत्तम माप आहे. चांगल्या अंधारात साध्या नजरेला त्यांत सहा तारे मोजता येतात, तीक्ष्ण नजरेला त्याहून जास्त. शहरातून कधी तीन-चार दिसतात, कधी नुसता धुरकट डाग. वद्य षष्ठी-सप्तमीला, चंद्र उगवण्याआधी, दिव्यांकडे पाठ करून वीस मिनिटे अंधाराला डोळे सरावू द्यावेत, मग नजर कृत्तिकांच्या थोडी बाजूला ठेवून मोजावे. फिका तारा सरळ रोखून पाहण्यापेक्षा तिरक्या नजरेला अधिक चांगला दिसतो, कारण मंद प्रकाश टिपणाऱ्या पेशी दृष्टिपटलाच्या मध्यभागी नसतात. आलेला आकडा वहीत लिहावा. पुढच्या मार्गशीर्षात त्याच गच्चीवरून तोच आकडा येतो का, हे पाहावे. पेंच व्याघ्र प्रकल्पाला जानेवारी २०२४ मध्ये देशातल्या पहिल्या ‘डार्क स्काय पार्क’चा दर्जा मिळाला, याचा आनंद आहेच. पण अंधार राखायची मागणी जंगलापुरती ठेवून चालणार नाही. ती शहरातूनही यायला हवी, आणि आपल्या गल्लीतल्या दिव्याने आपले कोणते तारे नेले हे ज्याला नावानिशी सांगता येते तोच ती जोराने करील.

तिसरा आक्षेप विज्ञानाची कळकळ असलेल्या माणसांकडून येतो, म्हणून त्याला सविस्तर उत्तर देणे भाग आहे. तिथी, नक्षत्र, वद्य, शुद्ध ही भाषा वापरली की लोक फलज्योतिषाकडे वळतात. तेव्हा अंश आणि तारखा यांचीच भाषा वापरावी, असे ते म्हणतात. भीती खोटी नाही. पण तिथी म्हणजे चंद्र सूर्यापासून पूर्वेकडे बारा अंश सरकायला लागणारा काळ, आणि नक्षत्र म्हणजे चंद्राच्या वाटेचा तेरा अंश वीस कलांचा सत्ताविसावा भाग. पंचांगाच्या पाच अंगांपैकी ही दोन अंगे कोणालाही आकाशात पडताळून पाहता येतात. जे पडताळता येते त्याची भीती उरत नाही. आपल्याकडे पंचांग सुधारले तेही याच वाटेने. जुन्या गणिताने दिलेली ग्रहणे आणि ग्रहांची स्थाने प्रत्यक्ष आकाशाशी जुळेनाशी झाली, तेव्हा केरूनाना छत्र्यांनी नव्या वेधांवर आधारलेली ग्रहगणिताची कोष्टके मराठीत आणली. पुढे स्वतंत्र भारतात मेघनाद साहांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली आणि २२ मार्च १९५७ पासून राष्ट्रीय दिनदर्शिका लागू झाली. या सुधारणांच्या मुळाशी एकच प्रश्न होता: कागदावर लिहिले आहे ते वर दिसते का? हा प्रश्न ज्याच्या अंगवळणी पडला, तो आज ना उद्या भविष्यालाही तोच प्रश्न विचारतो. उलट ही भाषा टाकून दिली तर आपण एक अर्थपूर्ण दुवा गमावतो. मृग म्हटले की शेतकऱ्याच्या डोळ्यांपुढे जून उभा राहतो, पेरणी आणि पहिला पाऊस उभा राहतो. ७-८ जूनला सूर्य मृगात जातो, आणि म्हणूनच त्या दिवसांत मृगाचे तारे सूर्यासोबत दिवसा आकाशात असतात, दिसत नाहीत. सहा महिन्यांनी सूर्य विरुद्ध बाजूला गेला की तेच मृग संध्याकाळी उगवून रात्रभर दिसते, पौर्णिमेचा चंद्र त्याच्या आसपास असतो आणि महिन्याला मार्गशीर्ष हे नाव मिळते. पावसाचे मृग आणि थंडीतले मृग एकच आहे, हे एकदा डोळ्यांनी पाहिले की पृथ्वी सूर्याभोवती फिरते हे वाक्य पाठ करावे लागत नाही. इथे एक खबरदारी घ्यायला हवी. पौर्णिमेचा चंद्र दरवर्षी नेमका मृगातच असतो असे नाही; एखाद्या वर्षी तो रोहिणीत असतो, एखाद्या वर्षी आर्द्रेपर्यंत गेलेला असतो. मृगाच्या ताऱ्यांवरून तर तो कधीच जात नाही, त्यांच्या उत्तरेकडून जातो. ही तफावत लपवू नये. नियम कुठपर्यंत खरा आणि कुठून पुढे सैल, हे समजणे हाही पाहण्याचाच भाग आहे.

राहिला मोबाइलचा आक्षेप. आकाशाकडे फोन धरला की प्रत्येक ताऱ्याचे नाव पडद्यावर येते, मग सात रात्री कशाला? ही ॲप उपयोगी आहेत, शंकानिरसनाला मीही ती वापरतो आणि वापरायला सांगतो. पण नाव कळणे आणि ओळख होणे यांत अंतर आहे. पडद्यावर एका क्षणाचे चित्र मिळते, काल चंद्र कुठे होता हे तो पडदा आपल्या स्मरणात ठेवत नाही. शिवाय अंधाराला सरावलेले डोळे पडद्याच्या पांढऱ्या उजेडाने क्षणात बिघडतात आणि पुन्हा सरावायला वीस-तीस मिनिटे घेतात. म्हणून क्रम उलटा असावा: आधी डोळ्यांनी पाहावे, अंदाज बांधावा, वहीत टिपावे, आणि मग खाली येऊन ॲपशी ताडून पाहावे. फोन गुरू नसावा, परीक्षक असावा.

अशी परीक्षा द्यायला याच आठवड्यात एक दिवस आधीपासून ठरलेला आहे. वद्य चतुर्थी म्हणजे संकष्टी. त्या दिवशी महाराष्ट्रात असंख्य घरांत भिंतीवरच्या दिनदर्शिकेत आपल्या गावाचा चंद्रोदय शोधला जातो, आणि उपास सोडण्याआधी कोणीतरी गच्चीवर किंवा खिडकीशी जाऊन चंद्र वर आला का ते पाहते. पूर्वेच्या इमारतींमागचे आकाश आधी पिवळसर उजळते, मग तांबूस, एका बाजूने किंचित चेपलेले बिंब वर येते. आपल्या समाजात आकाशाचे वेध घेण्याची सवय मोडलेली नाही याचा याहून चांगला पुरावा मला ठाऊक नाही. दर महिन्याला, ठरल्या तिथीला, घड्याळ लावून केलेले हे निरीक्षणच आहे. त्याला फक्त आदल्या दिवसाची जोड द्यायची आहे. तृतीयेच्या रात्री चंद्र पूर्वेच्या त्याच इमारतीवरून किती वाजता वर आला ते लिहून ठेवावे. त्यात दोन घटका मिळवाव्यात. दुसऱ्या दिवशी दिनदर्शिका उघडण्याआधी आपला आकडा घरात मोठ्याने सांगावा आणि मग चंद्राची वाट पाहावी. आकडा पाच-दहा मिनिटांनी चुकेल, आणि का चुकला हा प्रश्न पडेल. या आठवड्यात आकाशात काय पाहावे, याचे माझे उत्तर एवढेच आहे: तो प्रश्न पडेपर्यंत पाहावे.